गुरुवारचा पाला

रक्तपेढीची गाडी इंगोडे टेकडीवरच्या मुलींच्या शाळेत आली, त्या दिवशी कागेहाच्या वाट्याला सोपं काम होतं. रक्त देऊन येणाऱ्या प्रत्येक मुलीच्या हातात जाड लोणी लावलेला पाव आणि भरपूर साखरेचा चहा ठेवायचा, बस. वरच्या दोन वर्गांतल्या दीडशेएक मुलींनी नावं दिली होती, म्हणून तिनं सकाळीच तेवढ्या जणींचे पाव कापून टोपल्या भरल्या. अकरा वर्षं ती या शाळेच्या स्वयंपाकघराची मुख्य होती. सहाशे चाळीस मुलींचं जेवण तिच्या नजरेखालून जायचं आणि तिचा अंदाज कधी चुकत नसे. त्या दिवशी चुकला. दुपार कलली तरी अर्ध्याहून जास्त पाव तसेच पडून.

"पळाल्या वाटतं पोरी सुईला भिऊन," लुगादिरू म्हणाला. हा उगालीच्या डेगेवरचा म्हातारा. मक्याच्या पिठाचा तो डोंगर वल्ह्याएवढ्या लाकडी दांड्यानं घोटायचं काम तो वीस वर्षं करत होता, आणि त्याचं तोंडही त्या दांड्यासारखंच अखंड चालायचं.

"भ्यायला त्या काय तुझ्यासारख्या आहेत?" कागेहा म्हणाली आणि हात पुसत सभागृहाकडे गेली.

ती दारातच थबकली. टेबलावर काचेच्या भांड्यात मोरचुदाचं निळं पाणी होतं. मुलगी पुढे यायची, पांढऱ्या डगल्यातला तंत्रज्ञ तिच्या बोटाला सुई टोचायचा आणि रक्ताचा एक थेंब त्या निळ्या पाण्यात सोडायचा. थेंब तळाला गेला तर रक्त दाट, मुलगी पलीकडच्या खाटेवर. वरच रेंगाळला तर रक्त पातळ, मुलगी परत वर्गात. कागेहा बघत राहिली. एक तरंगला. दुसरा तरंगला. तिसरा बुडाला. मग लागोपाठ चार तरंगले.

इमालीची पाळी आली. उंच, दणकट दिसणारी पोर, नैरोबीत वाढलेली, भोजनगृहाची प्रमुख. तिच्या एका आरोळीनं सगळी पंगत गप्प व्हायची. बाही वर सारून ती ऐटीत पुढे झाली. तिचा थेंब तर पाण्यावर असा बसून राहिला, जणू त्याला खाली जायची काही घाईच नव्हती.

"इमालीच्या अंगात चहा आहे, चहा!" मागून कोणीतरी ओरडलं आणि रांग खिदळली. इमालीही हसली. पण दारातून बाहेर पडताना तिनं चौकट धरली आणि क्षणभर डोळे मिटून उभी राहिली. ते फक्त कागेहानं पाहिलं.

गाडी निघायच्या आधी तो तंत्रज्ञ स्वयंपाकघराच्या खिडकीशी चहा प्यायला आला. ओयुगी त्याचं नाव, सरोवराकडचा लुओ जमातीचा माणूस, बोलण्यात मिस्कील.

"आई, राग मानू नका," पाव तोडत तो म्हणाला, "पण नव्वद मुली परत पाठवल्या आज. एकाच शाळेतून एवढ्या मी पहिल्यांदाच पाठवल्या. काय खायला घालता त्यांना?"

"उगाली. मका-घेवडा. आणि कोबी."

"कोबी रोज?"

"रोज."

"करता कशी?"

कागेहा खोटं बोलणारी बाई नव्हती. "चिरायची, पाण्यात उकडायची, वरून पळीभर चरबी."

"मग बरोबर आहे. त्या कोबीच्याच अंगात काही उरत नाही, ती पोरींच्या अंगात काय घालणार?" तो हसला, चहाबद्दल आभार मानून गेला. ते आभार कागेहाच्या कानापर्यंत पोचलेच नाहीत.

हे बोलणं दुसऱ्या कुणाला लागलं असतं की नाही कोण जाणे, तिला वर्मी लागलं. बावीस वर्षांपूर्वी थोरल्याच्या वेळी तिचं रक्त थांबेना. नवऱ्यानं आणि दिरांनी तिला खाटेसकट उचलून दवाखान्यात नेलं होतं. तिथं तिला दोन पिशव्या रक्त चढवलं. शुद्धीवर आल्यावर तिनं विचारलं, हे कुणाचं? नर्स म्हणाली, "कुठल्याशा शाळेतल्या मुलींचं. आमच्याकडे रक्त येतं ते शाळांतूनच." घरी आणल्यावर सासूनं तिचा ताबा घेतला. महिनाभर दोन वेळा सागा. सागा म्हणजे रानोमाळ उगवणारी, तिळवणीसारखी पाच बोटांच्या पानांची कडू भाजी. कागेहानं तोंड वाकडं केलं की सासू म्हणायची, "कडू लागते? मग बाळंतपण काय गोड लागलं होतं? गीळ!" दुसऱ्या महिन्यात कागेहा डोक्यावर घागर घेऊन झऱ्याची चढण चढत होती.

त्याहून मोठी लाज पुढेच होती. तिच्या स्वतःच्या घरात कोबी शिजतच नसे. तिच्या हातचा सागा, तिचा तागाच्या पानांचा बुळबुळीत म्रेंडा खायला आसपासच्या तीन गावांतले लोक लग्नाच्या आणि मयताच्या जेवणाला दोन घास जास्त घेत. आणि इथं, जिथं सहाशे चाळीस लेकरं तिच्या हातचं खात होती, तिथं ती अकरा वर्षं कोबी उकडत बसली होती. का? तर भिंतीवरच्या कागदावर तसं लिहिलं होतं म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मुख्याध्यापिकेच्या दारात उभी राहिली.

"ये, कागेहा, बस," एंडोवो मॅडम म्हणाल्या. "काय झालं, लाकडं संपली?"

"लाकडं आहेत, मॅडम. कोबी बंद करा म्हणायला आले."

मॅडमनी चष्मा काढला. "आणि द्यायचं काय?"

"आपला पाला. सागा, कामोणी, माठ, म्रेंडा, चवळीचा, भोपळ्याचा. गोठ्यामागचा उतार रिकामाच पडलाय. शेण आहे, पाऊस आहे. बी मी देते."

"अगं, पालक फी कशाला भरतात? मुलींनी गोठ्यामागचं तण खावं म्हणून? भेटीच्या दिवशी एखादी आई मला विचारेल, हेच खायचं होतं तर पोरीला घरीच ठेवली असती की."

"घरी हे खाल्लं असतं तर थेंब तरंगला नसता, मॅडम."

रक्तपेढीनं दिलेला कागद टेबलावर पडला होता, त्यावर एंडोवो मॅडमनी दोन वेळा बोट फिरवलं. शाळेचा निकाल, शाळेचं गाणं, शाळेची हॉकी, सगळ्यांत पहिला नंबर हवा असणारी ती बाई. नव्वदचा आकडा तिलाही रात्रभर टोचला असणार.

"सहाशे चाळीस मुलींचा पाला निवडणार कोण? तुम्ही पाच जण?"

"मुलीच निवडतील," कागेहा म्हणून गेली. त्याआधी तिनं याचा विचारही केला नव्हता.

"गुरुवार," मॅडम म्हणाल्या. "फक्त गुरुवार. आणि ऐक. पोटात जाण्यापेक्षा डुकरांच्या बादलीत जास्त गेलं, तर पुन्हा कोबी, आणि हा विषय परत माझ्या कानावर नको."

कागेहानं घरच्या चुलीवर धुरात टांगलेली बियांची गाठोडी सोडली. उतार खणला, शेणखत मिसळलं, राख उधळली, ओळी पाडल्या. लुगादिरूनं मदत केली, पण फुकट नाही. कुदळ मारता मारता तो म्हणाला, "माझ्या बापानं आयुष्यभर हे तण उपटलं. आज मी ते पेरतोय. वर गेल्यावर तो मला ओळख दाखवणार नाही."

"दाखवेल. तुझ्या तोंडावरून कुणीही ओळखेल."

पाचव्या आठवड्यात उतार हिरवागार झाला. पहिला गुरुवार ठरला. कागेहाला इतका आनंद झाला होता, की तिनं सगळी घाई केली. सकाळी पाला खुडला, घाईघाईनं धुतला, मोठ्या डेगांत पाणी उकळलं होतं त्यात ढकलला, मीठ टाकलं, वरून पळीभर चरबी. दुपारी ताटं भरली गेली.

पहिला घास तोंडात जाताच भोजनगृहातली तोंडं वाकडी झाली. मग इमाली बाकावर चढली.

"सेंगे!" ती ओरडली. सेंगे म्हणजे आत्या. सगळ्या मुली कागेहाला तसंच म्हणत. "सेंगे, गोठा तिकडे आहे! आम्ही इकडे!"

आणि तिनं हंबरडा फोडला, अगदी गाईसारखा. दुसऱ्या टेबलावरून उत्तर आलं. मग तिसऱ्या. बघता बघता सहाशे चाळीस मुली हंबरू लागल्या, कौलं हलतील असा आवाज. मुली हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडत होत्या. कागेहा खिडकीच्या आत पळी धरून उभी होती. डुकरांची बादली भरली, मग दुसरी, मग तिसरी.

सगळं निवल्यावर तिनं एक ताट वाढून घेतलं आणि रिकाम्या भोजनगृहात एकटी जेवायला बसली. एक घास खाल्ला. दुसरा तिच्याही घशाखाली उतरेना. कडूजहर, चोथट, पाणचट. ती ताटाकडे बघत राहिली आणि मग तिला स्वतःचीच चीड आली. पाला बिचारा काय करील? तिनं त्याची कोबी केली होती! तिची सासू असती तर ती डेग तिच्या डोक्यावर उपडी केली असती.

"झालं ना?" लुगादिरू खरकटी ताटं रचत म्हणाला. "आता कोबीवाल्याला निरोप धाडू?"

"धाड की. पण सांग, कागेहा मेली, तिच्या मयताला ये."

एंडोवो मॅडमकडे ती स्वतःच गेली आणि म्हणाली, "चूक पाल्याची नाही, माझी आहे. दोन गुरुवार द्या." मॅडमनी एक दिला.

पुढच्या आठवड्यात तिनं काम सुरू केलं ते बुधवारी. घेवड्याच्या वाळक्या वेली जाळून त्यांची राख केली, भोकं पाडलेल्या मडक्यात ती भरून वरून पाणी ओतलं, आणि खाली थेंब थेंब झिरपलेलं पिवळसर खारं पाणी जमवलं. हे पाणी चवळीच्या, म्रेंड्याच्या आणि सागाच्या पाल्याला लोण्यासारखं मऊ करतं. फार पडलं तर तोंड सोलवटतं. किती घालायचं ते हाताला कळावं लागतं. सागाचा कडूपणा मोडायला भोपळ्याचा गोडसर पाला, आणि वर शेंगदाण्याचं कूट. तिनं प्रमाण आधी लहान पातेल्यात करून पाहिलं, मग मोठ्या डेगेसाठी ठरवलं.

बुधवारी दुपारी खेळाच्या तासाला पाला निवडायला मुली बोलावल्या. मॅडमनी ज्या धाडल्या त्यांत इमाली पहिली होती, हंबरण्याची शिक्षा. पेरूच्या झाडाखाली पोती पसरून वीस मुली बसल्या. इमाली पानांऐवजी दांडेच गोणीत टाकत होती.

"दांडे डुकरांना, पानं माणसांना," कागेहा म्हणाली.

"गेल्या गुरुवारी तर सगळंच डुकरांना गेलं, सेंगे."

"गेलं. डुकरांनीसुद्धा अर्धं टाकलं." मुली हसल्या. कागेहा पण हसली. मग कुणी विचारलं नव्हतं तरी बोलू लागली. खाटेवरून दवाखान्यात कशी नेली, नवरा वाटेत कसा पडला, ती दोन पिशव्या रक्त, आणि ते शाळेतल्या मुलींचं होतं हे. "त्या मुलींची नावं मला माहीत नाहीत," ती म्हणाली. "आज चाळिशीच्या असतील. बाजारात एखादीला माझा धक्काही लागत असेल. माझा पोरगा मोंबासाला बंदरावर क्रेन चालवतो, तो त्यांचाच आहे थोडासा."

पाला निवडणारे हात थोडे मंदावले होते. इमालीनं खाली मान घालून पानं खुडली. मग ती म्हणाली, "मी गोड सोड्याच्या बाटलीसाठी गेले होते. कुणीतरी सांगितलं, रक्त दिलं की सोडा मिळतो."

"मिळाला चहा."

"तोही नाही मिळाला. तरंगले ना मी." तिनं एक डहाळी उगाच मोडली. "सेंगे, मला जिन्यावर गरगरतं. हॉकीच्या दुसऱ्या भागात तर मला गोल दोन दिसतात. मी कुणाला सांगितलं नाही, संघातून काढतील म्हणून."

"मला माहीत आहे. मी तुला चौकट धरताना पाहिलं." कागेहानं तिच्यापुढची गोणी आपल्याकडे ओढली. "उद्या चार घास खा. नाही आवडलं तर बाकावर चढून हंबर. मी खिडकीतून साथ देईन. पण आज संध्याकाळी आधी नर्सबाईकडे जा. तुला गोळ्याही लागतील, नुसता पाला पुरायचा नाही."

दुसऱ्या गुरुवारी ताटं वाढली गेली तेव्हा कोपऱ्यातून एक हंबरणं आलंच. इमाली उठून उभी राहिली. "कोण आहे गं ती गाय?" ती गरजली. "दूध काढायला येऊ का?" हंबरणं बंद झालं. इमालीनं उगालीचा गोळा बोटांत वळला, त्यात अंगठ्यानं खळगा केला, पाला उचलला आणि तोंडात टाकला. चावला. पुन्हा घेतला. तिनं वाहवा केली नाही, नाटक केलं नाही, खात राहिली. तिच्या टेबलावरच्या मुलींनी तिच्याकडे पाहिलं, आणि मग त्याही खाऊ लागल्या.

त्या दिवशी बादली एकच भरली. पुढच्या गुरुवारी अर्धी. सप्टेंबरात तर डेगेच्या तळाची खरवड कुणाला मिळायची यावरून दोन टेबलांत भांडण लागलं, आणि मॅडमना मध्ये पडावं लागलं. परत येताना त्या खिडकीशी थांबल्या आणि कोरडेपणानं म्हणाल्या, "मंगळवारी पण कर." एवढंच. पण जाताना एका वाटीत थोडा पाला घेऊन गेल्या.

कागेहा आता थांबणारी नव्हती. रक्तपेढीनं भिंतीवर चिकटवलेल्या कागदावर नंबर होता, त्यावर तिनं ओयुगीला फोन लावला. तो आधी ओळखेना.

"कोबीवाली आई," ती म्हणाली.

"हां हां! बोला, आई."

तिनं सगळं सांगितलं. ओयुगीनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "जेवणाबरोबर चहा देता?"

"देते की. चहाशिवाय घास उतरतो का इथं?"

"तो थांबवा. चहा पाल्यातलं लोह अंगाला लागू देत नाही. दोन तासांनी द्या. आणि जेवणाबरोबर काहीतरी आंबट, पेरू, लिंबू. आहेत का?"

शाळेच्या आवारात पेरूची झाडं इतकी, की एरवी पेरू पायाखाली चेंगरून जात. पेरू सोपे होते. चहा हलवणं म्हणजे मात्र लढाई. मुली कुरकुरल्या, आणि सगळ्यांत मोठा आवाज लुगादिरूचा. "चहा बंद झाला तर मी राजीनामा देतो."

"मुलींचा चहा, तुझा नाही. तुझं रक्त कुणी घेणार नाही आता."

नोव्हेंबरातल्या भेटीच्या दिवशी आया नैरोबीहून, किसुमूहून तळलेली कोंबडी, चपात्या, केक घेऊन आल्या. गवतावर चादरी पसरल्या. कागेहानं त्या दिवशी मुद्दाम सागा केला होता. आधी एक आई डबा घेऊन खिडकीशी आली, चाचरत. "पोरगी म्हणते तुमच्याकडे सागा मिळतो. मी शहरात बारा वर्षं खाल्ला नाही." मग दुसरी आली. मग रांगच लागली. चांगल्या साड्यांसारखे झगझगीत झगे घातलेल्या बायका झाकणाचे डबे पुढे करत होत्या आणि कागेहा पळीनं वाढत होती. एंडोवो मॅडम दूरवरून पाहत होत्या. "तण" हा शब्द त्यांच्या तोंडून पुन्हा कुणी ऐकला नाही.

वर्ष फिरलं. जूनमध्ये ती गाडी परत आली.

या खेपेला कागेहा पहाटेपासून अस्वस्थ होती. पाव किती कापायचे, तिला ठरवता येईना. शेवटी तिनं दीडशे कापले आणि लुगादिरूला म्हणाली, "उरले तर तू खा आणि मला काही बोलू नकोस." ती सभागृहाकडे गेली नाही. चुलीपाशी उभी राहून उगाच भांडी घासत राहिली. तेवढ्यात पहिली मुलगी कोपराशी कापूस दाबून आली. मग तीन. मग दहा-बाराचा घोळका. टोपल्या रिकाम्या होऊ लागल्या, लुगादिरू पळत पळत चहा ओतू लागला.

मग इमाली आली. आता ती शेवटच्या वर्गात होती. दारातून आत येऊन ती उभी राहिली, कापूस धरलेला हात मशालीसारखा वर.

"बुडाला, सेंगे," ती म्हणाली. "दगडासारखा बुडाला! त्यानं दोनदा बघितलं. मी म्हटलं, बघ, अजून एकदा बघ!"

कागेहानं तिला जवळ ओढलं. मग म्हणाली, "कापूस दाबून धर, मेले, रक्त येईल. आणि पाव खा."

दुपारी दोनला ओयुगी स्वतः धावत खिडकीशी आला. "आई, फोन करायचाय. माझ्या पिशव्या संपल्या! ऐंशी आणल्या होत्या. गेल्या वर्षीच्या हिशेबानं ऐंशी म्हणजे चिक्कार. अजून रांग उभी आहे!" दुसरी गाडी पिशव्या घेऊन येईपर्यंत साडेतीन वाजले. संध्याकाळी बेरीज झाली. एकशे त्रेपन्न मुली उभ्या राहिल्या, एकशे एकोणीस जणींचं रक्त घेतलं. त्या भागातल्या दुसऱ्या कुठल्याच शाळेतून त्या महिन्यात एवढं मिळालं नव्हतं.

"जंताच्या गोळ्यांचं काम आहे ते," लुगादिरू म्हणाला. "फेब्रुवारीत सगळ्यांना दिल्या होत्या की."

कागेहानं झारा उचलला.

"खोटं नाही ते," ओयुगी घाईनं म्हणाला. "गोळ्या, पेरू, चहाची वेळ, घेवडा, सगळं धरायला हवं. एकट्या पाल्यानं झालं असं मी कागदावर लिहू शकत नाही, आई." मग त्यानं रिकामं ताट पुढे केलं. "पण कागद ऑफिसात आहे. इथं मी जेवायला आलोय. वाढा."

ऑगस्टमध्ये जिल्ह्याच्या गावी शाळांच्या स्वयंपाक्यांची सभा भरली आणि कागेहाला बोलावणं आलं. एंडोवो मॅडमनी आपल्या गाडीतून तिला नेलं, पुढच्या सीटवर बसवून. मंचावरच्या साहेबांनी पडद्यावर पाल्यांची लांबलचक शास्त्रीय नावं दाखवली, कशात किती लोह, कशात किती कॅल्शियम, कुठला पाला डोळ्यांना, कुठला बाळंतिणीला. मग म्हणाले, "आता इंगोडे शाळेच्या मदतनीस कर्मचारी..."

"स्वयंपाकीण," एंडोवो मॅडम आपल्या जागेवरून मोठ्यानं म्हणाल्या. "आमच्या शाळेची मुख्य स्वयंपाकीण."

कागेहा उभी राहिली. समोर साठ-सत्तर चेहरे, सगळ्यांच्या हातांवर चुलीचे डाग, तिच्या हातांवर होते तसेच. तिची भीती पळाली. "साहेबांनी सांगितलं ते सगळं खरं आहे," ती म्हणाली. "पण ते अंगाला लागायचं तर आधी घशाखाली उतरलं पाहिजे. पहिल्या दिवशी माझ्या मुली हंबरल्या होत्या." हशा पिकला. मग तिनं राखेच्या पाण्याबद्दल सांगितलं, पाल्याला पाला कसा जोडायचा ते सांगितलं, कोबीसारखा उकडलात तर काय होतं तेही सांगितलं. कुणी वहीत लिहीत होतं, कुणी बोटांवर मोजत होतं.

ती बोलून खाली बसते न बसते तोच मागून एक धिप्पाड बाई उठली. किसीकडची, बोसिबोरी म्हणून.

"हे सगळं ठीक आहे," ती म्हणाली, "पण सागात राख? बाई, सागाला दूध लागतं. मंद आचेवर, दोन दिवस, दूध घालत घालत. सागा आमचा आहे. तुम्ही लोकांनी आमच्याकडून नेला आणि राखेत घातला!"

"तुमचा?" कागेहा पुन्हा उठली. "माझ्या सासूच्या सासूनं पेरलेलं बी आहे माझ्या घरात!"

"आमच्या नवरीला सागा करता आला नाही तर ती नवरी परत जाते!"

"आमच्याकडे सासूलाच परत पाठवतात, सागा करायला शिकवत नाही म्हणून!"

सभागृह दणाणलं. टिरिकीकडचा एक स्वयंपाकी ओरडला की म्रेंड्यापुढे दोघींचा सागा झक मारतो, त्याला तिघांनी खाली बसवलं. कोणी म्हणालं कामोणीच खरी, कोणी म्हणालं माठाला विचारत का नाही. साहेब टेबलावर पेला वाजवत होते, पण ऐकतंय कोण. आयुष्यभर कोबी उकडणारी ती सगळी माणसं आपापल्या आयांच्या चुलींची नावं घेऊन भांडत होती.

"येत्या गुरुवारी इंगोडेला ये," कागेहानं बोसिबोरीला बोट दाखवून सांगितलं. "तुझं दूध घेऊन ये, तुझं मडकं घेऊन ये. मी माझा करते, तू तुझा कर. सहाशे चाळीस मुली सांगतील कुणाचा चांगला."

"येते!" बोसिबोरी म्हणाली. "आणि हरलीस तर?"

"मी हरत नसते," कागेहा म्हणाली, आणि खाली बसून रुमालानं वारा घेऊ लागली.